पुस्तकाची दोरी

विमल सोनगिरे या बाईंचे पत्र श्रीकृष्णराव दिघ्यांना तोंडपाठ होते, आणि त्याचे उत्तर त्यांनी दिलेले नव्हते. पत्र येऊन सात वर्षे होत आली होती. निळे आंतर्देशीय पत्र, दोन्ही बाजूंनी भरलेले, घडीच्या कडेलासुद्धा एक ओळ बसवलेली. अक्षर मास्तरणीचे होते, गोल आणि सुटे.

'मी व्यार्‍याजवळच्या एका खेड्यात प्राथमिक शाळेत शिकवते. आपण छापलेली सर्पदंशावरची पुस्तिका आमच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली असते. आषाढात माझ्या यजमानांना बांधावर साप चावला. पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे मी तिचीच दोरी गुडघ्याच्या वर बांधली आणि पेन्सिल घालून पीळ दिला. नदीला पाणी असल्यामुळे दवाखान्यात पोचायला पाच तास लागले. ते वाचले, पण पाय काळा पडला होता, तो कापावा लागला. सासूबाई म्हणतात, तू दोरी चुकीची बांधलीस. मी पुस्तिका पुन्हा पुन्हा वाचली. मला माझी चूक सापडत नाही. तरी मी कुठे चुकले, एवढे कृपा करून कळवावे.'

पत्रात आरोप नव्हता, शिवी नव्हती, भरपाईची मागणी नव्हती. कोणी कडाडून भांडले असते तर श्रीकृष्णरावांनी मान खाली घालून ऐकून घेतले असते. पण या बाई त्यांना, म्हणजे ज्यांनी ती पुस्तिका छापली त्यांनाच, आपली चूक दाखवायला सांगत होत्या.

पुस्तिका मुळात त्यांच्या वडिलांची. दीनानाथ दिघे बडोदे संस्थानच्या आरोग्य खात्यात लेखनिक होते. गावोगावच्या तलाठ्यांसाठी त्यांनी इंग्रजीवरून ती मराठीत आणली होती. सोळा पाने, निळे पुठ्ठ्याचे वेष्टन, कोपर्‍यात भोक, आणि त्या भोकातून ओवलेली चार हात लांब, बोटाएवढी जाड, लाल रंगवलेली सुती दोरी. ही दोरीची कल्पना दीनानाथांची स्वतःची. साप चावल्यावर माणसे दोरी शोधत घरभर धावतात आणि वेळ जातो, तर पुस्तक ज्या दोरीने टांगायचे तीच सोडून पायाला आवळायची. नागरवाड्यात त्या काळी दिघ्यांच्या दोरीचे कौतुक झाले होते. वडील गेल्यावरही ते कौतुक घरात सणावाराला निघत असे.

श्रीकृष्णराव स्वतः छापखान्यात मुद्रितशोधक होते. एकोणीसशे त्र्याण्णवमध्ये, वडिलांच्या जन्मशताब्दीला, त्यांनी पदरमोड करून पुस्तिकेच्या पाचशे प्रती पुन्हा छापल्या. मूळ मजकुरातला एक स्वल्पविरामही हलवला नाही. चार वेळा प्रुफे तपासली. दोरीसुद्धा त्याच जाडीची मिळावी म्हणून मांडवीत तीन दुकाने हिंडले. 'साठ वर्षांपूर्वीचं वैद्यक आहे, एकदा डॉक्टरला दाखवा,' असे कोणी म्हटले नाही, आणि त्यांच्याही मनात आले नाही. वडिलांचे लिहिणे दुसर्‍याला तपासायला द्यायचे, ही गोष्ट दिघ्यांच्या घरात बसणारी नव्हती. पुस्तिकेत मुद्रणदोष एकही नव्हता, याचा त्यांना अभिमान होता.

पत्र आल्यावर ते मेडिकल कॉलेजच्या ग्रंथालयात गेले. दाराशी पाऊण तास उभे राहिले, मग ओळखीच्या एका कारकुनाने आत नेले. तीन दिवस शब्दकोश मांडीवर घेऊन त्यांनी वाचले. तिसर्‍या दिवशी त्यांना कळले ते असे, की घट्ट दोरी बांधू नये. ती रक्त अडवते, पाय मारते, आणि विष तिला जुमानत नाही. कापू नये, चोखू नये. पाय मोडला असता बांधतात तसा पट्टीला सैलसा बांधून स्थिर ठेवावा, माणसाला चालू देऊ नये, अंगठ्या-जोडवी काढावीत, आणि वेळ न घालवता दवाखाना गाठावा.

म्हणजे बाईंनी दोरी अगदी बरोबर बांधली होती. म्हणूनच पाय गेला होता.

त्यांनी उत्तर लिहायला घेतले. अकरा वेळा घेतले. 'आपण विचारलेला प्रश्न महत्त्वाचा आहे,' इथवर येऊन लेखणी थांबे. खरे लिहावे तर वडिलांची पुस्तिका, तिच्यावरचे आपले नाव, सगळे उघडे पडणार. आणि मी कोण सांगणारा? डॉक्टर नाही, कोणी नाही. तीन दिवस ग्रंथालयात बसलेला एक प्रुफे तपासणारा माणूस. त्यांनी पत्र वडिलांच्या फोटोमागे ठेवले. उरलेल्या प्रती ट्रंकेत घातल्या. वाटलेल्या प्रती मात्र ज्या त्या घरी खिळ्याला लटकत राहिल्या, आणि निरुपमाबाईंना, त्यांच्या पत्नीला, यातले काहीच माहीत नव्हते.

दोन हजार तीनच्या नवरात्रातली गोष्ट. दिघे आता सुभानपुर्‍यात राहत होते, दोन खोल्या खाली, एक वर, पुढे हातभर बाग. मुलगा अनुप बंगलोरला. शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर फ्लॅट व्हायचे होते आणि दोन दिवस जेसीबी चालू होता. वर्षानुवर्षे माजलेले गवत, जुन्या विटांचे ढीग, सगळे उपसून निघत होते. त्यात राहणारी जनावरे कुठे गेली असतील, हा विचार सोसायटीत कोणालाच शिवला नाही.

सकाळी सात वाजून गेले होते. श्रीकृष्णराव पेपर वाचत ओट्यावर बसले होते. निरुपमाबाई परडी घेऊन प्राजक्ताखाली फुले वेचत होत्या. कुकरची शिट्टी सुटावी तसा एक लांब फुस्स आवाज आला. श्रीकृष्णरावांना वाटले, स्वयंपाकघरात कुकर झाला. मग हाक आली.

"अहो."

एरवीची हाक नव्हती. चाळीस वर्षांत ती त्यांनी अशी ऐकली नव्हती. हळू, जपून, जणू मोठ्याने बोलले तर काहीतरी जागे होईल.

त्या कट्ट्यावर बसल्या होत्या. उजव्या पायाच्या घोट्याखाली दोन टिंबे होती आणि त्यांतून रक्ताच्या दोन धारा निघाल्या होत्या. परडी उपडी झाली होती. भिंतीच्या कडेने हाताएवढे जाड, तपकिरी, अंगावर साखळीसारखे ठिपके असलेले काहीतरी सावकाश निघून जात होते. त्याला घाई नव्हती.

"पानांत पाय पडला माझा," निरुपमाबाई म्हणाल्या. "आग होतेय. खूप आग होतेय हो."

श्रीकृष्णराव कुंपणाच्या गजाला धरून उभे राहिले. आपण काय करायचे ते त्यांना ठाऊक होते. सात वर्षे ठाऊक होते. आणि त्यातला एक शब्द तोंडातून बाहेर पडत नव्हता. त्यांनी फक्त मनगटाकडे पाहिले. सात वाजून दहा मिनिटे.

शेजारच्या बंगल्यातून गजेंद्र शिर्के बनियनवर धावत आले. कोयलीच्या रिफायनरीतून फोरमन म्हणून निवृत्त झालेला मोठा, धडधाकट माणूस. सोसायटीत कोणाच्या घरी गॅस गळो की शॉक लागो, शिर्के पुढे.

"काय झालं, वहिनी? साप? कुठेय तो? अरे, काठी आणा कोणीतरी."

"काठी नको," श्रीकृष्णराव म्हणाले, पण ते त्यांचे त्यांनाच ऐकू आले.

"गेला तो," निरुपमाबाई म्हणाल्या. "गजेंद्रभाऊ, आधी मामंजींची दोरी बांधा. आमच्या खिळ्यावरची यांनी कुठे ठेवली देव जाणे."

"आपल्याकडे आहे ना. दहा वर्षं याच दिवसासाठी टांगून ठेवलीय." शिर्के तसेच मागे धावले आणि निळी पुस्तिका घेऊन आले. पुठ्ठा फोडणीच्या धुराने चिकट झाला होता, पण दोरी तशीच लाल होती. त्यांनी ती भोकातून ओढून काढली, पुस्तिका श्रीकृष्णरावांच्या हातात कोंबली. "वाचा तुम्ही. घाबरू नका राव, घरचंच पुस्तक आहे. पान चार. माझं पाठच आहे म्हणा. दंशाच्या वर, सांध्याच्या वर, तीन वेढे."

पान चार उघडलेच होते. 'दोरी इतकी आवळावी की खालचा भाग थंड व निळसर होईल. तसे न झाल्यास पीळ वाढवावा.' वडिलांचे वाक्य. त्यांनी स्वतः चार वेळा तपासलेले.

शिर्क्यांनी निरुपमाबाईंच्या गुडघ्याच्या वर एक वेढा घेतला. दुसरा घेतला. तिसरा घेतला. "पेन्सिल," ते म्हणाले. "खिशात आहे का तुमच्या? असणारच."

होती. श्रीकृष्णरावांच्या खिशात चाळीस वर्षे पेन्सिल होती. शिर्क्यांनी हात पुढे केला आणि श्रीकृष्णरावांचा हात खिशाकडे गेलासुद्धा. त्यांना व्यार्‍याजवळचे एक स्वयंपाकघर दिसले. ते त्यांनी कधी पाहिलेले नव्हते. चुलीशी बसलेला एक माणूस दिसला, आणि गोल सुट्या अक्षराची एक बाई, पेन्सिल फिरवताना ओठ हलवत पुस्तक वाचणारी. त्यांनी हात मागे घेतला.

"नको," ते म्हणाले.

"काय नको?"

"दोरी नको. सोडा ती. ते पुस्तक चुकीचं आहे."

शिर्के हसले. घाबरलेल्या माणसाला समजवावे तसे म्हणाले, "अहो राव, तुमच्या वडिलांचं पुस्तक ते. तुमचं नाव आहे वर."

"माझंच नाव आहे, म्हणून सांगतोय." आवाज चिरका, बाईसारखा आला. त्यांनी खाली बसून तिन्ही वेढे स्वतःच्या हाताने उलगडले. दोरी दोनदा अडकली. "एका माणसाचा पाय गेलाय या दोरीनं. मला पत्र आलं होतं."

शिर्क्यांनी हात काढून घेतला. "बरं. मग काय करायचं? सांगा तुम्ही, मी करतो. पण लवकर सांगा."

आता सांगायचे होते. सात वर्षांपूर्वी वाचलेले बरोबर आठवत होते का? एखादी ओळ गाळली असेल तर? आणि आपण वाचलेलेही उद्या कोणी चुकीचे ठरवले तर? "तिला चालू द्यायचं नाही," ते म्हणाले. "पाय हलता कामा नये. माझ्या टेबलावरच्या लांब पट्ट्या आणा, आखणीच्या, लाकडी. दोन आहेत. आणि कपाटातली जुनी साडी. आणि गाडी काढा."

पट्ट्या आल्या. पायाच्या दोन्ही बाजूंना त्या लावून, साडीच्या रुंद पट्ट्यांनी, बोट सहज जाईल इतके सैल, त्यांनी बांधले. जखमेला हात लावला नाही. मग ते पावलापाशी आले आणि थबकले.

"जोडवी काढायला हवीत."

"नाही," निरुपमाबाई म्हणाल्या.

"पाय सुजेल. मग ती रुततील."

"तुम्ही समोर बसलेले असताना मी जोडवी उतरवू? तुम्हाला काही कळतं का? सापाचं काही व्हायचं ते होवो, तुमच्या जिवाला…"

"माझ्या जिवाला काही होत नाही," श्रीकृष्णराव म्हणाले. "मी इथेच बसलोय. भीतीनं मेलो तर तेवढं मात्र माझ्याकडून."

त्या हसायला गेल्या आणि कळ येऊन डोळे मिटले. त्यांनी मान वळवली. ती परवानगी होती. साबणाच्या पाण्याने श्रीकृष्णरावांनी लग्नातली जोडवी एकेक करून बोटांतून उतरवली. शेवटचे अडले. बोट तेवढ्यात फुगले होते. तेही निघाले. मग बांगड्या. सगळे रुमालात बांधून त्यांनी खिशात ठेवले.

वेताच्या खुर्चीत बसवून दोघांनी त्यांना शिर्क्यांच्या मारुतीपर्यंत नेले. मागच्या सीटवर आडवे केले, डोके श्रीकृष्णरावांच्या मांडीवर. गाडी रेसकोर्सवरून निघाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गरब्याचे मांडव, रात्रीचे बल्ब अजून चालू. अलकापुरीच्या गरनाळ्यात, रेल्वेखालच्या त्या अरुंद बोगद्यात, नेहमीसारखे सगळे अडकले होते. पुढे एक टेम्पो, त्याच्यापुढे बस. शिर्क्यांनी हॉर्नवर तळहात ठेवला तो उचललाच नाही.

टिंबांतले रक्त थांबत नव्हते. एवढीशी दोन भोके, आणि अर्धा तास होत आला तरी साडीची पट्टी ओली होत चालली होती. सूज घोट्यापासून पोटरीपर्यंत चढली होती, कातडी ताणून चकाकत होती. श्रीकृष्णरावांनी ते पाहिले आणि पाहिले नाही असे केले.

"कोणाचा पाय गेला?" निरुपमाबाईंनी विचारले. डोळे मिटलेलेच होते.

"आत्ता बोलू नकोस."

"बोलू दे. गप्प बसले की भीती वाटते. कोणाचा?"

मग त्या बोगद्यात, हॉर्नांच्या गोंगाटात, त्यांनी सांगितले. पत्र, ग्रंथालय, फोटोची मागची बाजू. सांगताना ते तिच्या कपाळाकडे बघत होते, कारण डोळ्यांकडे बघायची सोय नव्हती. शिर्के पुढे बसून सगळे ऐकत होते. आता तेही चालणार होते.

"केव्हा आलं पत्र?"

"शहाण्णवच्या दिवाळीत."

"सात वर्षं," निरुपमाबाई म्हणाल्या. टेम्पो हलला, गाडी दहा पावले पुढे सरकली. "म्हणजे ती बाई सात वर्षं सासूचं ऐकतेय."

श्रीकृष्णरावांनी तिच्या कपाळावरचा घाम पुसला.

"दारात येता-जाता नवर्‍याची कुबडी बघत असेल आणि मनात म्हणत असेल, माझ्या हातानं झालं." त्यांनी डोळे उघडले. "मामंजींना काय होणार होतं? ते गेलेत. तुम्ही तिला लिहा. मी वाचले तरी लिहा, नाही वाचले तरी लिहा."

"असं बोलू नकोस."

"ओकारी येतेय मला."

शिर्क्यांनी काच खाली केली आणि टेम्पोवाल्याला अस्सल बडोद्याच्या गुजरातीत जे सुनावले, ते श्रीकृष्णरावांनी आयुष्यात कधी कागदावर पाहिले नव्हते. टेम्पो बाजूला झाला.

मोठ्या दवाखान्यात अपघात विभागात एक तरुण डॉक्टरीण होती. केस वर बांधलेले, रात्रपाळीने सुजलेले डोळे. तिने आधी पाय पाहिला, मग मांडीपर्यंत साडी वर करून दोन्ही बाजूंनी बोट फिरवले.

"दोरी नथी बांधी ने, काका?"

"नाही. नथी बांधी."

"कापलं नाही? काही लावलं नाही?"

"नाही."

"किती वाजता चावला?"

"सात दहा."

तिने मान वर करून त्यांच्याकडे पाहिले. "बहु सारुं कर्युं. इथे दर आठवड्याला लोक दोरी बांधून येतात, मग आम्ही साप बघायचा की दोरी बघायची?"

शाबासकी होती ती. श्रीकृष्णरावांच्या कानाला ती पोळली. ती त्यांची नव्हतीच. एका माणसाच्या पायावर ती मिळाली होती.

डॉक्टरणीने दंडातले रक्त काढून काचेच्या नळीत ओतले आणि नळी खिडकीतल्या लाकडी फळीवर उभी केली. "वीस मिनिटं. हात लावायचा नाही, हलवायची नाही. रक्त गोठलं तर विष फारसं गेलं नाही. नाही गोठलं तर लगेच इंजेक्शनं सुरू."

ती दुसर्‍या पेशंटकडे गेली. श्रीकृष्णराव खिडकीशी उभे राहिले. बोटाएवढी नळी, तिच्या तळाशी दोन चमचे रक्त. खाटेवर निरुपमाबाई आणि फळीवर त्यांचे रक्त, दोन्हीकडे एकदम बघता येत नव्हते. त्यांनी देवाचे नाव घ्यायचा प्रयत्न केला, पण त्याऐवजी पान चार आठवत राहिले. पाच मिनिटे झाली. समोरच्या झाडावर कावळे भांडत होते. सात मिनिटे. सुरुवातीचे ते उभे राहणे त्यांच्या मनात पुन्हा पुन्हा येऊ लागले. गज धरून आपण किती वेळ उभे होतो? एक मिनिट? तीन? शिर्क्यांनी तिसरा वेढा घेईपर्यंत आपण गप्प होतो. पेन्सिल खिशात नसती आणि शिर्के ती आणायला गेले असते, तर आपण आणखीही गप्प राहिलो असतो का? बारा मिनिटे. राहिलो असतो, असे त्यांना वाटले. माणूस सात वर्षे गप्प राहू शकतो तर पाच मिनिटांचे काय.

शिर्के चहाचे दोन कप घेऊन आले. एकही कोणी प्यायला नाही.

"राव," शिर्के हळूच म्हणाले, "सोसायटीत अकरा घरांत ती पुस्तकं मीच वाटलीत. वास्तुशांतीला नारळाबरोबर द्यायचो."

"माहीत आहे मला."

"माझ्या सुनेच्या माहेरीही एक दिलंय. ते लोक शेतावर राहतात."

वीस मिनिटे झाली. डॉक्टरणीने नळी उचलली आणि तिरकी केली. रक्त पाण्यासारखे एका बाजूला वाहिले.

तिने काही सांगायची गरज नव्हती. ती वळली आणि सिस्टरला हाक मारली, बाटल्या आल्या, सलाइन लागले. दहा मिनिटांत निरुपमाबाईंच्या अंगात अशी हुडहुडी भरली की खाट वाजू लागली, गळ्यावर लाल गांधी उठल्या, आणि डॉक्टरीण "काका, बाहेर, बाहेर," म्हणाली. दार लागले. दारापलीकडे पावले धावली. श्रीकृष्णरावांनी खिशातला रुमाल मुठीत धरला. जोडवी तळहातात रुतत होती. त्यांनी आणखी आवळली. पाच का दहा मिनिटांनी दार उघडून डॉक्टरीण म्हणाली, "औषधाची रिअ‍ॅक्शन होती. आवरली. पुढचे डोस चालू ठेवलेत." तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आले की आपण जमिनीवर बसलो आहोत.

त्या दिवशी नळी आणखी दोनदा फळीवर उभी राहिली. पहिल्यांदा रक्त पुन्हा वाहिले. दुसर्‍यांदा, उन्हे कलल्यावर, नळी तिरकी केली आणि रक्त जागचे हलले नाही. श्रीकृष्णरावांनी डॉक्टरणीला ती पुन्हा तिरकी करायला लावली. तिने केली, त्यांच्यासाठी.

चौथ्या दिवशी निरुपमाबाई उशीला टेकून बसल्या. पाय अजून वांग्यासारखा होता, घोट्यावर मोठा फोड आला होता, पण बोटे हलत होती. पाचही. अनुप बंगलोरहून येऊन एक फेरी घरी गेला होता. त्यांनी नवर्‍याकडे पाहिले.

"लिहिलंत?"

"लिहितोय."

"वाचून दाखवा."

श्रीकृष्णरावांनी खिशातून कागद काढला. घसा साफ केला. "सौभाग्यवती विमलताई सोनगिरे यांस, सप्रेम नमस्कार. आपल्या पत्राचे उत्तर देण्यास अक्षम्य विलंब झाला, त्याची कारणे अनेक आहेत. कैलासवासी तीर्थरूप दीनानाथ दिघे यांनी ज्या काळात प्रस्तुत पुस्तिका रचली, त्या काळी वैद्यकशास्त्र…"

"थांबा," निरुपमाबाई म्हणाल्या. "तिनं काय विचारलंय?"

"की ती कुठे चुकली."

"मग तेवढं सांगा आधी. मामंजी पहिल्या ओळीत कशाला येतायत? ती पत्र फोडेल तेव्हा तिचे हात कापत असतील. सासू शेजारी बसलेली असेल. पहिली ओळ मोठ्यानं वाचता येईल अशी लिहा."

त्यांनी खाटेच्या कडेला बसून, डब्याच्या झाकणावर कागद ठेवून, बाराव्यांदा लिहायला घेतले.

'आपण कुठेही चुकला नाहीत. पुस्तिकेत सांगितले तसेच आपण केले, आणि पुस्तिका चूक आहे. हे मला सात वर्षांपासून माहीत होते. मी भ्यालो म्हणून कळवले नाही. हे पत्र सासूबाईंना आणि यजमानांना दाखवावे.'

त्याखाली काय करावे आणि काय करू नये ते त्यांनी साध्या वाक्यांत लिहिले, आणि आपण डॉक्टर नाही, हेही लिहिले. ते डॉक्टरणीला दाखवले. आयुष्यात पहिल्यांदा दिघ्यांच्या घरचा मजकूर दुसर्‍याने तपासला. तिने मराठी अडखळत वाचले, एका ठिकाणी बोट ठेवले. "आयां लखो, मांत्रिकाकडे जाऊ नका." त्यांनी ते घातले. शेवटी पूर्ण नाव, पत्ता आणि सही केली.

शिर्के तोवर अकरा घरांतून पुस्तिका गोळा करून आले होते आणि सुनेच्या माहेरी फोन लागेना म्हणून उद्या स्वतः जाणार होते. "बाकीच्या चारशे कुठे कुठे गेल्यात, आठवतं का राव?" त्यांनी विचारले. श्रीकृष्णरावांना बर्‍याचशा आठवत होत्या. सगळ्या नाही. ते आता रोज रात्री आठवणार होते.

पोस्टात ते एकटे गेले. आठवड्याभरात प्रथमच चालत. पाकीट रजिस्टर करायचे म्हणून रांगेत उभे राहिले, आणि रांग पुढे सरकेल तसा त्यांचा धीर खचत चालला. बाई बदलून दुसर्‍या गावी गेल्या असतील. यजमान हयात नसतील. पत्र वाचून त्या कोर्टात जातील, किंवा नुसत्या रडतील, किंवा असे लिहितील की सात वर्षे कुठे होतात. यातले काहीही झाले तरी ते खरेच असणार होते. एकदा ते रांगेतून बाहेर आले. खिशात हात घातला तर जोडव्यांचा रुमाल हाताला लागला. निरुपमाबाईंनी ती अजून घातली नव्हती. सूज उतरल्यावर बघू, म्हणाल्या होत्या. ते पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले.

"पोचेल ना?" त्यांनी खिडकीतल्या माणसाला विचारले.

"सरनामुं बराबर हशे तो पोचशे, काका."

पत्ता बरोबर होता. तो त्यांनी चार वेळा तपासला होता. त्या माणसाने पाकिटावर शिक्का मारला आणि न बघता मागच्या पोत्यात टाकले.